कुंभकोणमला माझं तिकीट कोणी काढलं

आमच्या महाडात कुंभकोणमला जाऊन आलेलं एकही माणूस मला सापडलं नाही, त्यामुळे निघण्याआधी कोणाला काही विचारायची सोयच नव्हती. आता मी जाऊन आले आहे. भेटेल तो विचारतो, आणि मी दर वेळी नव्याने सांगत बसते, शेवटी आमचे हे म्हणाले, "एकदा लिहून काढ, म्हणजे मला तरी पुन्हा ऐकावं लागणार नाही." म्हणून हे लिहिणं.

लोक तिकडे जातात ते देवळांसाठी, नाही तर पितळी समया आणायला. मी गेले चिखल्यांसाठी. भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांमधली कातडी पाण्यात भिजून पांढरी पडते, फाटते आणि मग पाऊल टेकवत नाही, त्याच चिखल्या. मी कातडीच्या रोगांची डॉक्टर. मुंबईच्या एका औषध कंपनीने चिखल्यांवर नवं मलम काढलं होतं आणि ते मी दोन पावसाळे सावित्री नदीपलीकडच्या वाड्यांमधून लावून पाहिलं. निम्म्या बायकांना ते मलम, निम्म्यांना आपलं नेहमीचं, स्वस्तातलं जांभळं औषध. मलमाच्या ट्यूबा कंपनीच्या. दर गुरुवारी मला नेणारी जीपही कंपनीची, ड्रायव्हरचा पगारही तिचाच. जीप येण्याआधी त्या वाड्यांत मी कधी पोचलेच नव्हते. बायकाच तसल्या पायांनी चालत माझ्याकडे यायच्या. त्यामुळे त्या जीपवर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवते.

दक्षिणेकडच्या कातडीच्या डॉक्टरांची सभा त्या वर्षी कुंभकोणमला भरायची होती. तिथे मी माझं काम मांडावं असं कंपनीच्या मनात आलं. सगळं नीट पार पडलं की तिसऱ्या पावसाळ्याची जीप पक्की, असं मला सांगण्यात आलं होतं.

गाडीत

कंपनीने मला पहिल्या वर्गाचं तिकीट काढून दिलं. आमचे वसंतराव हायस्कुलात इतिहास शिकवतात. कुंभकोणम तंजावरशेजारी, आणि तंजावरकडचे मराठे म्हटल्यावर ते मागे राहणं शक्यच नव्हतं. त्यांचंही तिकीट काढायला कंपनी तयार होती, पण हे म्हणाले, "मी कुठल्या मलमावर भाषण देणार आहे? माझं मी बघतो." आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाचं काढलं. लग्नाला अठरा वर्षं झालेले आम्ही नवराबायको एकाच गाडीच्या दोन टोकांना बसून मद्रासला पोचलो. दर मोठ्या स्टेशनवर हे माझ्या खिडकीशी येऊन आपण काय काय खाल्लं ते ऐकवून जायचे. गुंटकलला त्यांच्या डब्यातल्या एका कुटुंबाने त्यांना घरचा दहीभात आणि लिंबाचं लोणचं वाढलं होतं. माझ्या डब्यात गाद्या मऊ होत्या आणि जेवण गार होतं.

माझ्यासमोर देसाई. हा कंपनीचा माणूस, पस्तिशीचा, गळ्यात टाय, मांडीवर माझ्या स्लाइडची पेटी. ती पेटी त्याने झोपतानाही उशाशी घेतली. माणूस सालस, पण त्याला घाम फार यायचा. डिसेंबरातही रुमाल हातातच.

"मॅडम, एक विनंती होती," तो मद्रास जवळ आल्यावर म्हणाला. "भाषणात कंपनीचं नाव नको. स्वतंत्र अभ्यास म्हटला की त्याला वजन येतं."

"पण तो कंपनीच्या पैशाने झालाय."

"केला तुम्ही ना? मग स्वतंत्रच की."

मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडच्या सभांमधून पिशवी, पेन, जेवण, पडद्यामागचा कापडी फलक, सगळं कुठल्या ना कुठल्या औषधाच्या कंपनीचं असायचं, आणि कोण कोणाच्या खर्चाने आलंय हे विचारणं म्हणजे लग्नात आहेराच्या साडीची किंमत विचारण्याइतकं अशिष्ट. मी बरं म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

कुंभकोणम

मद्रासहून रात्रीची छोट्या रुळांची गाडी पहाटे कुंभकोणमला पोचते. फलाटावर उतरते तोच कॉफीचा वास. आमचे यजमान डॉ. सेतुमाधवराव स्वतः उतरवून घ्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर गंधाची उभी रेघ. सभेचे अध्यक्षही तेच. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इकडलंच झालं.

"यावें, यावें! प्रवास चोखट झाला कीं? अस्के मिळून तिघे ना तुम्हीं?"

अस्के म्हणजे सगळे. वसंतराव जागच्या जागी थिजले. शाळेत पोरांना वाचून दाखवतात ती जुनी कागदपत्रं अचानक उभी राहून हातातली बॅग घ्यायला लागल्यावर माणसाचं जे होईल, ते त्यांचं झालं. हमालाशी सेतुमाधवराव तमिळमध्ये कडाकडा भांडले आणि लगेच वळून आम्हाला म्हणाले, "आमचें मराठी ऐकून तुम्हांस हासूं येईल."

"छे, छे! उलट आमचीच बिघडलीय," वसंतराव म्हणाले.

"तें खरें," सेतुमाधवराव गंभीरपणे म्हणाले. "उतरतांना तुम्हीं 'बॅग' म्हटलें, 'ट्रेन' म्हटलें, 'प्लॅटफॉर्म' म्हटलें. मीं मोजत होतों."

घर देवळाच्या रस्त्यावर. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. मार्गळीचा महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. पहाटे प्रत्येक दारापुढे सडा आणि तांदळाच्या पिठाची ही एवढी रांगोळी. मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. आम्ही रांगोळी दाराच्या एका कडेला टिकलीएवढी काढतो. इथे बाईला रांगोळीसाठी अर्धा रस्ता लागतो आणि सायकलवाले मुकाट्याने वळसा घालून जातात.

सेतुमाधवरावांच्या पत्नी कमलाबाई. त्यांनी आल्या आल्या पितळी पेला आणि वाटी पुढे केली. तिकडे पेल्याला ओठ लावत नाहीत. वरून धार सोडायची. मी मोठ्या धीराने धार सोडली ती थेट हनुवटीवर. कॉफी उकळती होती. कमलाबाईंनी धावत जाऊन ताक आणलं आणि माझ्या हनुवटीला लावता लावता म्हणाल्या, "ओठ लावूनच प्यावें हो. कोणी पाहत नाहीं. मींही एकटी असतां तसेंच."

त्या क्षणापासून ती बाई मला आपली वाटली. दुपारच्या पानात आंबट भाजी होती, चिंचेच्या पाण्यातली, वर मोहरी-हिंगाची फोडणी. आमच्या अळूच्या फतफत्याची लांबची बहीण शोभेल, फक्त गूळ माहेरी विसरून आलेली. सांबार मराठ्यांनी शोधलं की कसं यावर वसंतराव आणि सेतुमाधवराव दोन वाट्या होईपर्यंत बोलले. मी तेवढ्या वेळात तिसरी संपवली.

संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. देसाईही होता. खांबांची ती ओळ, वटवाघळांचा वास, पायाखाली गार दगड, सगळं सुंदर. पण मंडपात उजेड इतका मिणमिणता की मी विचारलं, वीज कमी येते का. सेतुमाधवराव हसले आणि त्यांनी वर बोट दाखवलं. ट्यूबलाइटच्या नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड अक्षरांत काहीतरी रंगवलं होतं. उजेड यायचा तो अक्षरांच्या फटींतून.

"उभयम," ते म्हणाले. "देवास जें दिलें तें, आणि तें कोणीं दिलें. हा दीप भांड्यांच्या दुकानाच्या धन्यानें दिला. तो पंखा तिरुप्पनंदाळच्या एका वकिलाचा. पाहा, पात्यावर लिहिलें आहे."

पंखा फिरत होता, त्यामुळे वकील काही वाचता आला नाही. आपल्याकडेही पायरीवर, बाकावर नावं असतातच, पण उजेड अडवून नाव लिहायचं म्हणजे कमाल झाली, असं मी म्हटलं.

"आमच्या घराचेंही एक दिवसाचें उभयम असतें, उत्सवांत," ते सांगू लागले. "त्या दिवशीं मजला मानाचें रेशमी वस्त्र डोईस बांधून पुढें उभें करतात. अस्के पाहतात, कीं आज खर्च यांचा. पण देवास कोणता हार घालावा, आरती केव्हां करावी, तें मीं बोलूं नये. बोललों तर भटजी अस्क्यांसमोर गप्प करतात. डोईस वस्त्र आहे ना! लपून दिलें असतें, तर मागच्या दारीं जाऊन भटजींच्या कानांत सांगितलें असतें."

मला गंमत वाटली. मग ते त्याच सुरात पुढे म्हणाले, "म्हणून आमच्या डॉक्टरांच्या सभेंतही तोच नेम केला. बोलायाच्या आधीं प्रत्येकानें उभयम सांगावें. कोणाच्या खर्चें आलों, काम कोणाच्या खर्चें केलें."

हा नेम कसा आला तेही त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी एक मोठे डॉक्टर येऊन एका टॉनिकवर झकास बोलून गेले. सभेतल्या सगळ्यांनी वर्षभर ते टॉनिक लिहिलं. मागाहून कळलं की कारखाना त्यांच्या मेव्हण्याचा. "टॉनिकानें कोणी मेलें नाहीं. कोणी बरेंही झालें नाहीं. पण मजला राग आला. जेवायास बसवलें आणि यजमान कोण तें सांगितलें नाहीं!"

मी देसाईकडे पाहिलं. त्याने रुमाल काढला होता.

तिरुनीलक्कुडीचा चिखल

दुसऱ्या दिवशी सेतुमाधवरावांचा पूर्वेकडच्या तिरुनीलक्कुडीत आठवड्याचा फेरा होता. ते आम्हालाही घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, मध्ये मध्ये केळी, नारळ, आणि कालव्याचं पाणी रस्त्याला खेटून. आमच्याकडे भात पावसाचं लेकरू. पाऊस गेला की खेळ संपला. इथे कावेरी आहे. डिसेंबरात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बेणणी, म्हणजे भातातलं तण काढायचं काम, करणाऱ्या बायका पाहिल्या आणि मला एकदम ज्येष्ठ-आषाढात गेल्यासारखं झालं.

त्यांचे पाय बघायला मी बांधावरून निघाले. शहाणपणाने चप्पल हातात घेतली होती. तरी चार पावलांत बांध खचला आणि मी मांडीपर्यंत आत. ओढून काढायला तिघी आल्या. हसून हसून त्यांनाच उभं राहवेना. वसंतराव कोरड्या रस्त्यावरून "जपून, जपून" म्हणत होते, म्हणजे त्यांचा काही उपयोग नव्हता.

पाय तेच होते. बोटांमधली तीच पांढरी, कुजकी कातडी, टाचेच्या त्याच भेगा. त्या बायका त्याला तमिळमध्ये जे म्हणतात त्याचा अर्थही चिखलाची जखमच, असं सेतुमाधवरावांनी सांगितलं. आणि मेंदीचा पाला वाटून लावायची रीतही आमच्यासारखीच. हजार मैल लांब येऊन मी पुन्हा माझ्या गुरुवारातच उभी होते. दोन पावसाळ्यांच्या माझ्या कामाचा मला त्या शेतात फार अभिमान वाटला. मलमाने पाय लवकर बरे होत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात कोणी मला काही पढवलं नव्हतं.

परत येताना गाडीत मी सेतुमाधवरावांना विचारून टाकलं, "उभयम नाही सांगितलं तर?"

"नाहीं तर नाहीं. टाळ्या देऊं, जेवूं घालूं. आम्हीं काय पोलीस?"

"आणि सांगितलं, तर मग माझं काम खोटं म्हणतील ना सगळे? कंपनीने पैसे दिले म्हणून कंपनीचं गाणं गायलं, असं?"

"म्हणतीलही," ते शांतपणे म्हणाले. "पण खरें असेल तर तोलून घेतील. न सांगतां दिलें, तर तोलायचें कसें?"

घरी पोचल्यावर पायांवरचा चिखल धुता धुता मी वसंतरावांवर चिडले. "तुम्ही काहीतरी बोला ना! नाव घेतलं तर जीप जाईल. नाही घेतलं तर उद्या त्या म्हाताऱ्यासमोर मी उभी कशी राहू?"

"मला नको विचारू. मी दुसऱ्या वर्गाचा माणूस," हे म्हणाले, आणि माझ्या हातात टॉवेल देऊन निघून गेले. मला इतका राग आला की मी टॉवेल तिथेच टाकला. पण रागाच्या तळाशी एक गोष्ट होती ती अशी, की हा माणूस किती निवांत होता! त्याला उद्या काहीच लपवायचं नव्हतं. मी मात्र खरं काम करूनही चोरासारखी झाले होते. असं का व्हावं?

सभा

एका लग्नाच्या कार्यालयात सभा होती. शंभरेक डॉक्टर, पुढच्या रांगेत खुर्च्या, मागे बाकडी, कडेला स्लाइडचं यंत्र. पहिले वक्ते उठले आणि माइकवर म्हणाले, "उभयम: येण्याचा खर्च माझा, पिशवी मलमवाल्यांची, भाषण लिहून होईपर्यंतची कॉफी बायकोची." लोक हसले. दुसऱ्यांनी सांगितलं की त्यांना एका साबणाच्या कंपनीकडून दर वर्षी मानधन मिळतं आणि आज ते साबणावरच बोलणार आहेत, तर ऐकणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी खुर्चीत सावरून बसले. लोकांनी खरंच कान उघडे ठेवले; वह्या निघाल्या, प्रश्न आले, भांडणही झालं, आणि भांडण झाल्यावर त्याच माणसाला टाळ्याही मिळाल्या.

मग माझं नाव पुकारलं. सेतुमाधवराव अध्यक्षांच्या खुर्चीत होते. त्यांनी हातानेच मला माइक दाखवला. देसाई यंत्राशी स्लाइड घेऊन उभा होता. मी माइक धरला.

"उभयम," मी इंग्रजीत सुरुवात केली. "मलम ज्या कंपनीचं, तिनेच ट्यूबा दिल्या. वाड्यांवर जायची जीप तिची. पडद्यावर दिसतील त्या स्लाइडही तिनेच करून घेतल्या. माझं इथपर्यंतचं पहिल्या वर्गाचं तिकीट तिचं. माझ्या नवऱ्याचं तिकीट त्याचं स्वतःचं, म्हणून आम्ही वेगवेगळ्या डब्यांतून आलो. ते मागे बसलेत. त्यांना वाटेत माझ्यापेक्षा बरं जेवण मिळालं."

असा हशा झाला की वसंतरावांना उभं राहून नमस्कार करावा लागला. आणि माझ्या छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. खरंच सांगते, इतकं मोकळं मला बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. पुढचं भाषण मी पाण्यासारखं केलं. मलमाने पाय लवकर बरे होतात. जांभळ्या औषधानेही होतात, पण उशिरा. कोणाला आग झाली, कोणी मध्येच सोडलं, तेही सांगितलं. तशी स्लाइड नव्हती, तरी तोंडाने सांगितलं.

शेवटी आडुतुरैहून आलेले एक डॉक्टर उठले. साधा शर्ट, खिशाला पेन, भाताच्या गावात दवाखाना चालवणारे. "तुमचे आकडे मी मानतो," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा. तुमच्या बायकांना हे मलम फुकट मिळालं. उद्या त्यांनी स्वतःच्या मजुरीतून घ्यायचं असेल, तर तुम्ही काय लिहून द्याल?"

हा प्रश्न दोन पावसाळ्यांत मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. ट्यूब माझ्याकडे जीपमधून यायची, आणि जीपमधून आलेल्या वस्तूला भाव असतो हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. एक ट्यूब म्हणजे आमच्या लावणीच्या बाईची दिवसाची मजुरी, वर थोडं आणखी. आणि एका ट्यूबने भागत नाही.

देसाईने यंत्राचा दिवा बंद केला होता. तो माझ्याकडेच बघत होता.

"जांभळं औषध," मी म्हणाले. "उशीर लागेल, पाय रंगतील. पण मी तेच लिहीन."

मग आडुतुरैच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि खाली बसता बसता लिहून घेतलं. सेतुमाधवरावांनी माइक ओढला. ते तमिळमध्ये काही बोलले, आणि मग फक्त माझ्यासाठी मराठीत, "हें बरवें झालें, बाई. आतां जेवूं."

मला सडकून भूक लागली होती. केळीच्या पानावर मी दोनदा भात मागून घेतला. वसंतराव शेजारी येऊन बसले आणि आपल्या पानातलं पायसम न विचारता माझ्याकडे सरकवलं. टॉवेलाचं भांडण मिटलं असं मी धरलं.

बूथ

देसाई जेवायला आला नव्हता. मी त्याला शोधायला बाहेर पडले. तो रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथपाशी उभा होता. हे बूथ तेव्हा नुकतेच गावोगाव झाले होते. पिवळी पाटी, काचेची खोली, आत लाल आकडे पळत असतात.

"मुंबईला सांगायला हवं," तो म्हणाला. "मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगेल."

"रागावला आहात का माझ्यावर?"

त्याने टाय सैल केला. "मॅडम, खरं सांगू? प्रत्येक सभेत मी पुढे बसतो आणि देवाचा धावा करतो, की मलमाच्या भावाचं कोणी विचारू नये. आज विचारलं. आता परत विचारतील याची भीती राहिली नाही." आणि तो आत गेला.

काचेतून मला त्याचा आवाज येत नव्हता. नुसते ओठ दिसत होते, आणि ते फार हलत नव्हते. बहुतेक बोलणं पलीकडूनच चाललं होतं. त्याने रिसीव्हर कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मी जीपचा विचार करत होते. ती गेली तर एसटीने जाता येईल, पण नदीपलीकडच्या शेवटच्या वाड्यांना एसटी जात नाही. तिथल्या बायकांना त्या पायांनी फाट्यापर्यंत चालावं लागेल. याचं मला तिथे उभ्या उभ्या वाईट वाटलं, आणि आता गुरुवारी एसटीतून फाट्यावर उतरते तेव्हाही वाटतं. पण पिशवीत जांभळ्या औषधाच्या बाटल्या घेऊन उतरताना मला कोणाला काय सांगायचं आणि काय नाही याचा हिशेब करावा लागत नाही. ते सुख फार मोठं आहे, आणि ते मला कुंभकोणमने दिलं.

देसाई बाहेर आला. बिल त्याने स्वतःच्या पाकिटातून दिलं आणि पावती घेतली नाही.

"जीप गेली, मॅडम."

"वाटलंच होतं. आणखी काय म्हणाले?"

"ओरडत होते. म्हणाले, अरे, पण ती बाई तिथे गेली कोणाच्या पैशाने?" देसाईच्या तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. "मी म्हटलं, आपल्याच, साहेब. त्यांनी तेच तर सगळ्यांना सांगितलं."